सापडलं नाही, म्हणजे नव्हतं?

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित मजकूर)



सोळाव्या-सतराव्या शतकातलं इंग्रजी साहित्य इंटरनेटच्या मदतीनं कसं अभ्यासायचं, हा विषय मी कळवला तेव्हा संयोजकांनी अगदी सभ्यपणे विचारलं होतं, ‘‘सर, जरा सगळ्यांना जवळचं वाटेल असं काही नाही का?’’ सभागृह बऱ्यापैकी भरलेलं दिसतंय, तेव्हा विषयाला चिकटून राहिलो ते बरंच झालं. ज्यांच्या स्मरणार्थ ही माला चालते ते आयुष्यभर ग्रंथपाल होते. वाचकाला ते ‘पुस्तक नाही’ असं कधी सांगत नसत. ‘आपल्या नोंदीत नाही’ असं सांगत. या दोन उत्तरांमध्ये जे अंतर आहे, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे.

एका पत्रापासून सुरुवात करतो. तारीख १० नोव्हेंबर १५७९. एक तरुण इंग्रज जेझुइट गोव्याहून वडिलांना पत्र लिहितो. ४ एप्रिलला तो लिस्बनहून निघाला होता आणि २४ ऑक्टोबरला गोव्याला पोचला होता. वाटेत काय काय दिसलं ते तो सांगतो. आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ पाण्यावर कोंबड्याच्या तुऱ्यासारखं काहीतरी तरंगताना दिसलं. रंग तुऱ्याहूनही देखणा, खाली माशाच्या पोटातल्या फुग्यासारखा फुगा, फुग्याखाली पाण्यात सोडलेले दोरे, आणि विष असं की हात लावणं जिवावर बेतावं. पावसाळ्यात जुहूच्या वाळूवर निळसर फुगे येऊन पडतात आणि ‘ब्लू बॉटल’पासून सावध राहा म्हणून बातम्या येतात, तो याच जातकुळीतला जीव. रिचर्ड हॅक्लूट यांनी १५८९ साली इंग्रजांच्या सफरींचा जो भलामोठा संग्रह लंडनमध्ये छापला, त्यात हे पत्र आहे. आणि पत्र लिहिणारा तरुण म्हणजे आपले फादर स्टीफन्स, ‘क्रिस्तपुराण’कार.

हे पत्र १५८९ च्या मूळ वर्णलेखनात, एक रुपया न मोजता, तुम्हाला आत्ता तुमच्या मोबाइलवर वाचता येईल. आम्ही शिकत होतो त्या काळात मूळ छपाई पाहायची तर लंडन गाठावं लागे, नाहीतर एखाद्या श्रीमंत विद्यापीठात मायक्रोफिल्मच्या यंत्रापुढे डोळे फोडावे लागत. तिथपासून इथपर्यंत आपण कसे आलो ते थोडं तपशिलात सांगतो. साधनाची कुंडली मांडल्याशिवाय ते काय दाखवतं आणि काय झाकतं, ते कळत नाही.

१९२६ साली पोलार्ड आणि रेडग्रेव्ह या दोन सूचिकारांनी ‘शॉर्ट-टायटल कॅटलॉग’ प्रसिद्ध केला. इंग्लंड, स्कॉटलंड आणि आयर्लंडमध्ये १४७५ ते १६४० या काळात छापलेली कोणत्याही भाषेतली पुस्तकं, आणि त्याच काळात परदेशी छापलेली इंग्रजी पुस्तकं, असा त्यांचा नियम होता. पुढे डोनाल्ड विंग यांनी सूची १७०० पर्यंत नेली. १९३८ मध्ये अमेरिकेत अ‍ॅन आर्बर इथे यूजीन पॉवर या गृहस्थांनी मायक्रोफिल्मची कंपनी काढली आणि ही सूची हातात धरून एकेक पुस्तकाची छायाचित्रं घ्यायला सुरुवात केली. लगेच युद्ध आलं. १९४१ च्या मे महिन्यात जर्मन बॉम्बहल्ल्यात ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयातली लाखाहून जास्त पुस्तकं जळाली, आणि जुन्या कागदांची छायाचित्रं काढून अमेरिकेत नेऊन ठेवणं हे निकडीचं काम होऊन बसलं. १९९८ मध्ये त्याच फिल्म स्कॅन होऊन ‘अर्ली इंग्लिश बुक्स ऑनलाइन’ या नावानं संगणकावर आल्या. अभ्यासक तिला ‘ईबो’ म्हणतात. सव्वा लाखाहून अधिक पुस्तकं तिच्यात आहेत. पण ती होती नुसती चित्रं. त्यांच्यात शब्द शोधता येत नव्हता. म्हणून १९९९ पासून मिशिगन आणि ऑक्सफर्ड या विद्यापीठांनी पुढाकार घेऊन ‘टेक्स्ट क्रिएशन पार्टनरशिप’ उभी केली आणि पुस्तकं चक्क हातानं टंकून घेतली. एकच पुस्तक दोघांनी स्वतंत्रपणे टंकायचं, मग दोन्ही मजकूर ताडून पाहायचे, वीस हजार अक्षरांत एकाहून अधिक चूक चालायची नाही, असा करार. पहिल्या टप्प्यातली सुमारे पंचवीस हजार पुस्तकं १ जानेवारी २०१५ ला सर्वांसाठी खुली झाली आणि २०२० साली बाकीची. एकूण साठ हजारांच्या आसपास.

आता या वंशावळीकडे नीट पाहा. सूचीत जे होतं त्याची फिल्म झाली, फिल्मची स्क्रीनवरची प्रतिमा झाली, प्रतिमेवरून मजकूर टंकला गेला. प्रत्येक पिढीत काहीतरी गळत गेलं. फिल्म काळी-पांढरी, त्यामुळे लाल शाईत छापलेलं शीर्षकही काळंच दिसतं. खिशात मावणारं प्रार्थनेचं पुस्तक आणि दोन हातांनी उचलावा लागणारा पोथा स्क्रीनवर एकाच मापाचे होऊन बसतात. पाठीमागच्या पानाची शाई फुटून आलेली असली तर टंकणाऱ्याला अक्षर लागत नाही. अंदाज बांधायची त्याला मुभा नव्हती, म्हणून तिथे तो एक काळा ठिपका सोडून देतो. एका पुस्तकाच्या बऱ्याच आवृत्त्या असतील तर सहसा पहिलीच टंकली गेली. इंग्लंडात छापलेली लॅटिन पुस्तकं बहुतेक बाजूलाच राहिली, कारण प्राधान्य इंग्रजीला होतं. संगीताची स्वरलिपी आणि गणिती आकृत्या वगळल्या गेल्या. एवढं सगळं होऊन शोधनिबंधात विद्यार्थी लिहितो, ‘‘त्या काळच्या संपूर्ण साहित्यात हा शब्दप्रयोग आढळत नाही.’’ संपूर्ण म्हणजे कुणाचं संपूर्ण?

स्टीफन्सचं पत्रच शोधून पाहा. ‘स्टीफन्स’ हे नाव आज आपण इंग्रजीत ‘पीएच’ घालून लिहितो. हॅक्लूटच्या संग्रहात तो ‘स्टीव्हन्स’ आहे. म्हणजे पहिलाच फासा उलटा पडला. त्यातून त्या काळचे जुळारी शब्दाच्या मध्ये ‘व्ही’च्या जागी ‘यू’चा खिळा लावत, आणि शब्दाच्या आरंभी ‘यू’च्या जागी ‘व्ही’चा. ‘आय’ आणि ‘जे’ यांचीही अशीच अदलाबदल. स्पेलिंग ठरलेलं नव्हतंच. एकाच पानावर एक शब्द दोन तऱ्हांनी छापलेला सर्रास सापडतो, बऱ्याचदा ओळ नीट बसावी एवढ्याचसाठी. तेव्हा शोध घेताना आधी कागदावर त्या शब्दाची पाच-सहा रूपं लिहून काढायची आणि मग की-बोर्डला हात लावायचा. याला सोपा पर्यायही आहे. नॉर्थवेस्टर्न आणि सेंट लुईसचं वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी चालवलेल्या ‘अर्लीप्रिंट’ या संचात टंकलेल्या प्रत्येक शब्दाला आजचं प्रमाण रूप जोडलेलं आहे. आजचं स्पेलिंग घातलं की जुनी सगळी रूपं समोर येतात. शिवाय ते काळे ठिपके भरून काढायला वाचकालाही वाव आहे. मूळ पानाची प्रतिमा शेजारी ठेवायची, अक्षर लागलं की दुरुस्ती सुचवायची. आमच्या एम.ए.च्या मुलांना मी हे काम लावतो. एखादं पान नीट लावता लावता सोळाव्या शतकाची जेवढी ओळख होते, तेवढी माझ्या तासभराच्या व्याख्यानातून होत नाही.

पण मला खरं बोलायचं आहे ते स्टीफन्सच्या दुसऱ्या अर्ध्याबद्दल. ईबोत हे एक पत्र सापडतं. त्यापुढे? त्यापुढे हा माणूस चाळीस वर्षं गोव्यात राहिला, इथल्या भाषा शिकला, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचं पुराण त्यानं मराठीत रचलं, आणि ते १६१६ मध्ये रायतूरला रोमन लिपीत छापलं गेलं. शेक्सपिअर वारला तेच हे साल. पुढे १६२२ मध्ये कोंकणीत ख्रिस्ती धर्माची प्रश्नोत्तरी आणि १६४० मध्ये कोंकणीचं व्याकरण, ही त्याची दोन पुस्तकं त्याच्या पश्चात तिथेच छापली गेली. यातलं एकही पुस्तक इंग्रजी सूचीत नाही आणि नियमानं असूही शकत नाही. ती इंग्लंडात छापलेली नाहीत आणि इंग्रजी भाषेतही नाहीत. म्हणजे शेक्सपिअरच्या पिढीतला, विल्टशरमध्ये जन्मलेला एक इंग्रज महाकाव्य लिहितो आणि इंग्रजी साहित्याच्या सर्वांत मोठ्या साधनात त्याच्या नावावर प्रवासातलं एक पत्र तेवढं जमा होतं. सूचिकारांना यात दोष देता येणार नाही. कुंपण कुठेतरी घालावंच लागतं, आणि त्यांनी ते कुठे घातलं ते पहिल्याच पानावर लिहून ठेवलेलं आहे. दोष आहे तो पहिलं पान न वाचणाऱ्याचा.

या बाजूनं पाहिलं तर आणखी एक गाठ आहे. ‘क्रिस्तपुराणा’च्या तीन छापील आवृत्त्या निघाल्या, १६१६, १६४९ आणि १६५४ मध्ये. तिन्हींपैकी एकाही आवृत्तीची एकही प्रत आजवर उजेडात आलेली नाही. ग्रंथ टिकला तो हस्तलिखितांतून. दक्षिण कानडा भागातल्या ख्रिस्ती कुटुंबांनी जपलेल्या रोमन लिपीतल्या नकला होत्या. त्यांच्या आधारे जे. एल. साल्ढाणा यांनी १९०७ मध्ये मंगळूरला पहिली आधुनिक आवृत्ती काढली. पुढे १९२० च्या दशकात जस्टिन अ‍ॅबट यांना लंडनच्या स्कूल ऑफ ओरिएंटल स्टडीजमध्ये, विल्यम मार्सडेन यांच्या संग्रहात, देवनागरीतलं हस्तलिखित मिळालं. समजा या नकला टिकल्या नसत्या, तर कुठल्याही डेटाबेसमध्ये ‘क्रिस्तपुराण’ टाकल्यावर उत्तर आलं असतं: शून्य निकाल. आणि आपण मान डोलावली असती. अ. का. प्रियोळकरांनी १९५८ साली भारतातल्या मुद्रणाचा इतिहास इंग्रजीत लिहिला तो असल्याच तुटक्या पुराव्यांवर. जुन्या मिशनऱ्यांची पत्रं, एकमेकांच्या पुस्तकांतले उल्लेख, परवानगीचे कागद आणि लिस्बनला उरलेली एखाददुसरी प्रत. प्रत हाताशी नसलेल्या पुस्तकाचा इतिहास कसा लिहावा, हे शिकायचं तर ते पुस्तक आजही वाचावं. संगणक नव्हता म्हणून त्यांचं काही अडलं नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. त्यांना ईबो मिळती तर ते आनंदानं वेडे झाले असते.

इंग्लंडात याच प्रश्नावर एक गमतीदार साधन तयार झालं आहे: हरवलेल्या नाटकांचा डेटाबेस. ‘लॉस्ट प्लेज डेटाबेस’ या नावानं २००९ पासून तो खुला आहे. लंडनमध्ये १५६७ ते १६४२ या काळात, म्हणजे पहिलं व्यावसायिक नाट्यगृह उभं राहिल्यापासून सगळी नाट्यगृहं बंद होईपर्यंत, सुमारे तीन हजार नाटकं रंगमंचावर आली असावीत असा अभ्यासकांचा अंदाज आहे. त्यातली साडेपाचशेच्या आतबाहेर उरली. आणखी सातशेच्या वर नाटकांची निदान नावं माहीत आहेत. बाकीच्यांची नावंही गेली. नावं कळतात ती मुख्यतः फिलिप हेन्स्लो या नाट्यगृहमालकाच्या हिशेबवहीतून. ती वही लंडनच्या डलिच कॉलेजात आहे आणि तिचं प्रत्येक पान आता इंटरनेटवर मोफत पाहता येतं. जरूर पाहा. ३ मार्च १५९२ ला ‘हॅरी द सिक्स्थ’ नावाचा खेळ, जमा ३ पौंड १६ शिलिंग ८ पेन्स. हा शेक्सपिअरच्या ‘हेन्री द सिक्स्थ’चा पहिला भाग असावा असं बहुतेकांना वाटतं. पण खेळांच्या या नोंदींत हेन्स्लो नाटककाराचं नाव लिहीत नाही. कशाला लिहील? त्याला गल्ल्याशी मतलब. त्याच पानावर आजूबाजूला जी नावं आहेत त्यांतल्या कित्येक नाटकांचा एक शब्दही शिल्लक नाही, आणि त्यांतल्या काहींनी गल्ला शेक्सपिअरइतकाच जमवलेला आहे.

हे डोळ्यांपुढे ठेवून अलीकडच्या एका वादाकडे पाहू. २०१६ साली निघालेल्या ‘न्यू ऑक्सफर्ड शेक्सपिअर’नं ‘हेन्री द सिक्स्थ’च्या तिन्ही भागांवर क्रिस्टोफर मार्लोचं नाव सहलेखक म्हणून छापलं. जगभरच्या वर्तमानपत्रांत बातमी झाली. हा निष्कर्ष काढण्यात नाटकांच्या आणि पुस्तकांच्या डेटाबेसचा मोठा वाटा होता. पद्धत ढोबळमानानं अशी: वादग्रस्त उताऱ्यातले दोन-तीन शब्दांचे जोड घ्यायचे, ते त्या काळच्या सगळ्या उपलब्ध नाटकांत शोधायचे, आणि जे जोड फार थोड्या ठिकाणी सापडतात ते कुणाच्या लेखनात जास्त आहेत ते पाहायचं. पद्धत हुशारीची आहे आणि ती वापरणारी मंडळी काही लेचीपेची नाहीत. त्यांनी अनेक कसोट्या एकमेकींवर घासून पाहिल्या आहेत. तरीही माझं मन तिथे अडखळतं. ‘दुर्मिळ’ हा शेरा उरलेल्या साडेपाचशे नाटकांच्या आधारे मारलेला आहे. टॉमस किडसारख्या नाटककाराची खात्रीनं त्याची म्हणता येतील अशी दोन-तीन नाटकंच आपल्याजवळ आहेत. त्याचा शब्द दुसऱ्या कुणात सापडला नाही, की त्याचा म्हणून ओळखता येईल असा मजकूरच आपल्याकडे पुरेसा नाही? मार्लोच्या बाबतीत निष्कर्ष बरोबर असेलही. पण शीर्षकपानावर नाव छापण्याइतकी खात्री मला तरी नाही, आणि संपादकांना ती इतक्या लवकर यायला नको होती असं माझं मत आहे.

यंत्रानं वाचलेल्या मजकुराबद्दल थोडक्यात सांगतो, कारण चूक ढळढळीत आहे. सतराव्या-अठराव्या शतकात शब्दाच्या आरंभी आणि मध्ये लांब ‘एस’ छापत. तो ‘एफ’सारखा दिसतो, फक्त आडवी रेघ पूर्ण नसते. अठराव्या शतकातल्या पुस्तकांचा ‘ईको’ नावाचा मोठा संच आहे, त्यात आणि गुगल बुक्समध्येही, पानं माणसानं टंकलेली नसून यंत्रानं वाचलेली आहेत. यंत्राला ती रेघ दिसत नाही. गुगलच्या ‘एनग्रॅम’ आलेखात ‘बेस्ट’चं ‘बेफ्ट’ करून पाहा. अठराव्या शतकभर ‘बेफ्ट’ जोरात, आणि १८०० च्या सुमाराला एकदम कडेलोट. भाषेत काही क्रांती झाली नव्हती. छापखान्यांनी लांब ‘एस’चा खिळा वापरणं सोडलं होतं. असले आलेख दाखवून संस्कृतीच्या चढउताराबद्दल बोलणारे लोक भेटले, की त्यांना आधी हे शोधून पाहायला सांगावं.

आता प्रतिमांचं काय? मजकूर हाती आला म्हणून चित्रांचं महत्त्व कमी झालं, असं कुणाला वाटत असेल तर २०१९ ची गोष्ट ऐका. शेक्सपिअरच्या नाटकांचा १६२३ चा संग्रह, ज्याला ‘फर्स्ट फोलिओ’ म्हणतात, त्याची एक प्रत फिलाडेल्फियाच्या सार्वजनिक ग्रंथालयात कित्येक दशकं होती. तिच्या समासात कुणा वाचकानं खुणा केल्या होत्या, शब्द दुरुस्त केले होते, दुसऱ्या आवृत्तीशी पाठ ताडून पाहिले होते. क्लेअर बोर्न या अभ्यासिकेनं त्या खुणांवर सविस्तर निबंध लिहिला आणि सोबत पानांची छायाचित्रं दिली. लिहिणारा कोण हे तिला ठाऊक नव्हतं, तसा दावाही तिनं केला नाही. केंब्रिजमध्ये जेसन स्कॉट-वॉरन यांनी ती छायाचित्रं पाहिली आणि त्यांना वाटलं, हे हस्ताक्षर आपण पाहिलेलं आहे. त्यांनी जॉन मिल्टनच्या टिपणवहीशी ताडून पाहिलं. ‘ई’ काढायची ढब, समासातले कंस, दुरुस्त्यांची पद्धत. मग त्यांनी आपला तर्क जाहीरपणे इंटरनेटवर मांडला आणि जाणकारांना विचारलं, मी वाहवत तर चाललो नाही ना? काही दिवसांतच मिल्टनच्या अभ्यासकांनी माना डोलावल्या. ‘पॅरडाइज लॉस्ट’चा कर्ता शेक्सपिअर कसा वाचत होता, हे आज आपल्याला पानोपान पाहता येतं. हे कोणत्याही सर्चनं सापडलं नाही. डेटाबेसच्या नोंदीत फार तर ‘समासात अज्ञात वाचकाच्या खुणा’ एवढंच असतं. एका बाईनं खुणांचा चिकाटीनं अभ्यास केला, चित्रं दिली, आणि एका बुवानं ती ओळखीच्या नजरेनं पाहिली. इंटरनेटनं अंतर तेवढं मिटवलं.

मजकुराच्या टंकलेल्या फाइलीत जे कधीच येऊ शकत नाही असंही काही प्रतिमेत असतं. ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयाला मिळालेली फोलिओची प्रत त्यांनीच सतराव्या शतकात विकून टाकली, नवी आवृत्ती आल्यावर जुनी काय करायची म्हणून. ती १९०५ मध्ये अचानक पुन्हा पुढे आली आणि लोकवर्गणी काढून ३,००० पौंडांना विकत घ्यावी लागली. अलीकडे याच प्रतीची छायाचित्रं मोफत खुली झाली. पानं उलटत जा. सर्वांत झिजलेली पानं ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची आहेत. सतराव्या शतकात ऑक्सफर्डच्या विद्यार्थ्यांना शेक्सपिअरमधलं काय आवडत होतं, याचा याहून प्रामाणिक पुरावा मला माहीत नाही. परीक्षेत त्यांनी दुसरंच काही लिहिलं असेल.

हस्तलिखितांचं जग याहून अवघड. त्या काळचे इंग्रज ‘सेक्रेटरी हँड’ नावाच्या लिपीवळणात लिहीत. आजच्या इंग्रजालाही ते वाचता येत नाही. मोडी न शिकता पेशवे दफ्तरात शिरण्यातली जी अडचण, तीच इथे. केंब्रिज विद्यापीठानं १५०० ते १७०० मधल्या हस्ताक्षरांचा विनामूल्य अभ्यासक्रम इंटरनेटवर ठेवला आहे. सुरुवात तिथून करावी. वॉशिंग्टनच्या फोल्जर शेक्सपिअर ग्रंथालयानं २०१५ मध्ये तर आपली हस्तलिखितं सामान्य लोकांपुढे टाकली आणि म्हटलं, ज्याला लागेल त्यानं वाचावं. घरबसल्या हौशी मंडळींनी पत्रं आणि पाककृती अक्षर अक्षर लावून दिल्या. त्यातच एका १५६७ च्या पत्रात ‘निरुपद्रवी खोटं’ या अर्थाचा ‘व्हाइट लाय’ सापडला. ऑक्सफर्ड कोशातला त्याचा आधीचा सर्वांत जुना दाखला अठराव्या शतकातला होता. कोशात नाही म्हणून शब्द नव्हता असं मानून लोक जवळजवळ पावणेदोनशे वर्षांची चूक वाहून नेत होते. शब्दांचाच विषय निघाला आहे तर सांगतो: टोरोंटो विद्यापीठाचा ‘लेमे’ हा संच त्या काळी छापलेल्या शब्दकोशांचा आहे. शब्दाचा अर्थ आजच्या कोशात न पाहता शेक्सपिअरच्या शेजाऱ्यांनी काय दिला होता ते पाहावं. मराठीसाठी शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोल्सवर्थ, दाते-कर्व्यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’, आणि तुळपुळे-फेल्डहाउस यांचा प्राचीन मराठीचा कोश एकाच ठिकाणी शोधता येतात. ‘क्रिस्तपुराण’ वाचायला बसलात तर तो शेवटचा कोश सतत उघडा ठेवा.

आणि ही साधनं अमर आहेत असं समजू नका. २०२३ च्या ऑक्टोबरात ब्रिटिश लायब्ररीवर सायबर हल्ला झाला. खंडणीखोरांनी यंत्रणा बंद पाडली. त्याबरोबर पोलार्ड-रेडग्रेव्ह-विंग यांची सूची ज्यात विलीन झाली होती ती ‘ईएसटीसी’, चार लाखांहून जास्त नोंदींची, रातोरात नाहीशी झाली आणि महिनोन्‌महिने बंद राहिली. इतर ठिकाणच्या अभ्यासकांनी पूर्वी उतरवून घेतलेल्या माहितीवरून तात्पुरती सूची उभी केली, तोवर कित्येकांचे प्रबंध थांबले. मजा पाहा, १९२६ च्या सूचीची छापील प्रत ज्यांच्याकडे होती त्यांचं मात्र काही अडलं नाही. कॅनडात १९९६ साली सुरू झालेला ‘इंटरनेट शेक्सपिअर एडिशन्स’ हा नावाजलेला प्रकल्प २०१८ मध्ये जुनं सॉफ्टवेअर चालेनासं झालं म्हणून थांबला. त्यातलं काम आता दुसऱ्या मंचावर हलवलं जात आहे. त्याच्या दुव्यांवर उभे असलेले शेकडो शोधनिबंधांतले संदर्भ मात्र हवेत लोंबकळत राहिले.

म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी एक रुक्ष सवय लावतो. कोणत्या संचात शोधलं, कोणत्या तारखेला, कोणकोणती स्पेलिंग घालून, आणि त्या संचात मुळात काय घेतलेलं नाही, एवढं वहीत लिहायचं. ‘सापडलं नाही’ हे वाक्य या चार गोष्टींशिवाय प्रबंधात आलं तर मी ते खोडतो. विद्यार्थी कुरकुरतात.

पैशाबद्दलही बोललं पाहिजे. ईबोच्या चित्रांचा संच आणि ईको, दोन्ही विकत घ्यावे लागतात, आणि आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरचे आहेत. टंकलेले साठ हजार ग्रंथ, अर्लीप्रिंट, हेन्स्लोची वही, हरवलेली नाटकं, फोल्जर आणि बॉडलियनच्या प्रतिमा, लेमेचा बराचसा भाग, हे सगळं मोफत आहे. सावंतवाडीच्या मुलीनं मनावर घेतलं तर बहुतांश काम तिला तिथूनच करता येईल. चित्राशी ताडून पाहायची वेळ आली की मात्र तिची अडचण होणार. तिला मोठ्या विद्यापीठातल्या कुणाला तरी पत्र घालावं लागेल. माझा अनुभव असा की लोक पान पाठवतात; फक्त कोणतं पान हवं ते नेमकं सांगता आलं पाहिजे.

स्टीफन्सच्या छापील ‘क्रिस्तपुराणा’ची एखादी प्रत कुठे तरी असेल का, असा प्रश्न नेहमी विचारला जातो, म्हणून आधीच उत्तर देतो. शोधायचं झालं तर ‘स्टीफन्स’ या नावानं शोधून फार हाती लागणार नाही. पोर्तुगीज कागदांत तो ‘टोमाज एश्तेव्हांव’ आहे, काही जुन्या लेखनात ‘बुस्टन’ही आहे, आणि ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकात ‘पुराण’ हा शब्दच नव्हता, ‘दिश्कुर्सु’, म्हणजे प्रवचन, असा होता. लिस्बन, रोम आणि पणजी इथल्या सूच्यांत कोणत्या नावानं, कोणत्या स्पेलिंगनं पाहायचं याचा एक कागद मी सोबत आणला आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी चहाच्या वेळी घ्यावा. आता प्रश्न असतील तर विचारा.